दादाची चुकलेली सोनोग्राफी आणि लघवीतले डीएनएचे तुकडे

लिहीन लिहीन म्हणत वर्ष गेलं, आज माग बंद आहेत, लाईट गेलीय, म्हणून बसलोय. आमचं घर बेळगावात वडगावला, आजोबांपासून विणकाम, आधी हातमाग होते आता चार पावरलूम आहेत, दोन माझे दोन दादाचे, म्हणजे दादाचे होते, आता ते वहिनी बघतात.

२०१५ ला गल्लीतल्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलेलं, मी आणि दादा दोघांनी रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, सर्टिफिकेट घेतलं आणि परत कामाला लागलो. पंधरा दिवसांनी ब्लड बँकेतून फोन, दोघं येऊन भेटा. दान केलेलं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचांसाठी तपासतातच, हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्हा दोघांचं हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलेलं, म्हणजे लिव्हरला लागणारा व्हायरस अंगात. दादा तिथंच म्हणाला, "मला काय झालंय ओ, मी ठणठणीत हाय की." मग आईचं तपासलं, तिचंही पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपणात आईकडून बाळाला जातो आणि एवढ्या लहानपणी शिरलेला व्हायरस बहुतेकांच्या अंगात जन्मभर राहतो. आई दवाखान्यात काही बोलली नाही, रात्री जेवली नाही, सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "माझ्यामुळं झालं काय रे?" तिला समजवायला आम्हाला महिने लागले. आमच्या जन्माच्या वेळी लस कुठं होती, आता बाळ जन्मल्यावर चोवीस तासांत पहिला डोस देतात तेव्हा नव्हता, यात आईचा काय दोष. घरातल्या बाकी सगळ्यांना तपासलं, निगेटिव्ह निघाले त्यांना तीन-तीन डोस दिले, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी.

गल्लीत कळल्यावर सल्ले सुरू झाले, कावीळ म्हटलं की आपल्याकडं भुईआवळा, खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात बांधाबांधावर उगवतो, एका मावशींनी पिशवी भरून आणून दिला, मायेनंच दिला. मी डॉक्टरांना विचारलं तर ते चिडले नाहीत, उलट एक गोष्ट सांगितली. हिपॅटायटिस बी चा व्हायरस ज्यांच्यामुळं सापडला ते बारूक ब्लूमबर्ग, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, त्यांनीच मद्रासच्या शास्त्रज्ञांबरोबर हा भुईआवळा पेशंटना देऊन बघितला होता आणि १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं, सुरुवातीला आशा वाटली पण नंतरच्या अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून गोळी सोडायची नाही. रोज एक टेनोफोविर, आजही चालू आहे, सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते.

गोळीनं व्हायरस दबतो, लिव्हर कॅन्सरची भीती कमी होते, पण संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रोटीन मोजायची. सहाच महिने का, तर लिव्हरमधली गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते असं धरतात, मग वर्षभर थांबलं की लहानपणी सापडायची ती मोठी होऊन सापडते.

ऐकायला सोपं आहे, करायला बघा. रात्री आठनंतर काही खायचं नाही, सकाळी उपाशी जायचं, नंबर लावायचा, फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आमचं घर मराठी, त्यामुळं प्रत्येक कागद कुणाला तरी दाखवूनच कळणार. पोटावर थंडगार जेल लावून मॅडम म्हणतात, "उसिरु तगोळ्ळी... हिडीरी... बिडरी," आणि आपण श्वास धरून छताकडं बघत पडायचं. कधी नीट दहा-पंधरा मिनिटं बघतात. एका ठिकाणी तर दोन मिनिटांत संपवून फॅटी लिव्हर एवढंच लिहून दिलं, आधीचे कागद बघितलेसुद्धा नाहीत, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं कारण सोनोग्राफीचं सगळं बघणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर असतं, पोटात गॅस असला, चरबी असली, लिव्हर आधीच खडबडीत झालेलं असलं की लहान गाठ लपून जाते. अख्खी सकाळ जाते, माग बंद राहतात, कामगाराला बसवून पगार द्यावा लागतो.

दादानं पहिल्या चार वेळा केलं. फायब्रोस्कॅनमध्ये त्याचं लिव्हर माझ्यापेक्षा जास्त कडक आलेलं, सिरॉसिसच, लिव्हर व्रण पडून घट्ट झालेलं, म्हणजे खरं तर त्याला जास्त गरज होती. पाचव्या वेळी लग्नसराईची ऑर्डर होती, पुढच्या वेळी मुलीची परीक्षा, मग कोरोना. मी दर वेळी विचारायचो आणि तो म्हणायचा, "दुखूलंय कुठं? काय दुखत नाही तर कशाला जाऊ?" लिव्हर आतून दुखतच नाही, वरचं आवरण ताणलं की मगच दुखतं, आणि तोवर आत गाठ केवढीतरी झालेली असते. २०२१ च्या पावसाळ्यात त्याच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. सीटीत नऊ सेंटिमीटरची गाठ, पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलेली, एएफपी हजारांत. ऑपरेशन नाही, ट्रान्सप्लांट नाही. पाच महिन्यांत दादा गेला. यावर जास्त लिहवत नाही.

दादाची मुलगी, आमची पुतणी, तेव्हा धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एमएस्सी बायोटेक करत होती. बाराव्यानंतर काही दिवसांनी ती माझ्याजवळ येऊन बसली, माग चालूच होता, त्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, तिनं सरळ स्विच बंद केला आणि म्हणाली, "काका, लघवीतून लिव्हरचा कॅन्सर ओळखायचं काम चाललंय, अप्पांना हे जमलं असतं." मला आधी वाटलं पोर दुःखात काहीतरी बोलतेय. लघवी म्हणजे मूत्रपिंड, लिव्हरचा काय संबंध? मग तिनं जे सांगितलं ते मी तीन-चार बैठकांत समजून घेतलं, आणि मला समजलं ते मागावरच्या भाषेत समजलं, तसंच इथं सांगतो.

अंगातल्या पेशी रोज मरत असतात, मेल्या की त्यांचा डीएनए तुटून रक्तात येतो. डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांब धागा, पेशीत तो बॉबिनवर सूत गुंडाळावं तसा प्रोटीनच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो, एका गोळीवर साधारण १४७ अक्षरांचा वेढा, म्हणून तुटतानाही ठरावीक मापाचे तुकडे पडतात, रक्तात १६६ च्या आसपास अक्षरांचे जास्त. त्यातले आखूड तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होऊन लघवीत उतरतात. हे खरंच होतं का, हे ज्या तऱ्हेनं बघितलं ते मला फार आवडलं. बायकांना पुरुषाचं रक्त चढवल्यावर त्यांच्या लघवीत वाय क्रोमोसोमचे तुकडे सापडले, मुलगा पोटात असलेल्या गरोदर बायकांच्या लघवीतही सापडले, हा अभ्यास २००० साली आला. वाय तर बाईच्या अंगात नसतोच, म्हणजे तो रक्तातूनच गाळून आला. तसं असेल तर लिव्हरच्या गाठीतून सुटलेला तुकडाही येणारच की.

पण लघवीत मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवरच्या पेशीही झडून येतात, त्यांचा डीएनए लांबच्या लांब असतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या यिंग-शिऊ सू आणि त्यांच्या बरोबरच्यांनी दाखवलं की १५० ते २५० अक्षरांचे लहान तुकडे हे रक्तातून आलेले असतात, तेव्हा लांब बाजूला काढून आखूड ठेवायचे आणि त्यातच शोधायचं. पुढं त्यांच्याच गटानं लिव्हर कॅन्सरवर हे काम नेलं, पेनसिल्व्हेनियातल्या ज्या संस्थेत हे झालं तिला नाव त्याच भुईआवळावाल्या ब्लूमबर्ग यांचं. हे पुतणीनं सांगितलं तेव्हा मी तिला मावशींच्या पिशवीची गोष्ट सांगितली आणि बऱ्याच दिवसांनी ती थोडी हसली.

आता शोधायचं काय. आमच्या वडगावात चार गल्ल्यांत एकाच नमुन्याच्या साड्या विणल्या तरी मी साडी हातात घेऊन सांगू शकतो ही कुणाच्या मागावरची, कारण प्रत्येक मागाची एक खोड असते, कुठं ताण्याचा धागा सुटतो, कुठं काठ आवळला जातो. गाठीच्या डीएनएचीही अशीच खोड असते. टीपी५३ नावाच्या जीनमध्ये २४९ व्या जागी एक अक्षर बदललेलं, सीटीएनएनबी१ मधले बदल, टर्ट जीनच्या सुरुवातीच्या भागातला बदल. दुसरी खूण म्हणजे अक्षर तेच पण त्यावर मिथाईल नावाच्या रसायनाचा ठिपका बसलेला, सूत तेच पण त्यावर रंगाचा थेंब पडावा तसा, आरएएसएसएफ१ए आणि जीएसटीपी१ या जीनवर असे ठिपके पडले की ते बंद पडतात, आणि यातला पहिला जीन पेशीला आवरून धरायचं काम करतो, दुसरा तिला विषारी गोष्टींपासून जपायचं. तिसरी खूण हिपॅटायटिस बी वाल्यांची खास. हा व्हायरस आपल्या डीएनएचा तुकडा लिव्हरच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, म्हणजे आपल्या धाग्याला दुसऱ्याचा धागा सांधलेला, आणि तो सांधा जिथं पडला ती जागा त्या गाठीची ओळख होते. असा सांधा असलेला तुकडाही लघवीत शोधता येतो.

त्या २४९ वरून आमच्या स्वयंपाकघरातही बदल झाला. तो बदल विशेषकरून अफ्लाटॉक्सिनमुळं होतो, भुईमूग, मका यांना बुरशी लागली की ती बुरशी हे विष सोडते, आणि हिपॅटायटिस बी बरोबर ते असलं की धोका कितीतरी पटीनं वाढतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या खेड्यांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. आमच्याकडं तर शेंगदाण्याची चटणी नाही असा दिवस नाही. भाजून किंवा धुवून हे विष नीट जात नाही. आई आता परात घेऊन बसते, काळा पडलेला, सुरकुतलेला, खवट एकेक दाणा वेगळा काढते आणि तो कोंबड्यांनाही घालत नाही, सरळ चुलीत. तिच्या मनावरचं ओझं त्यानं थोडं उतरलं असावं असं मला वाटतं, काहीतरी हातात आलं.

हे सगळं ऐकून पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलंच, ही लघवीची टेस्ट माझी करा, लागतील ते पैसे देतो. ते म्हणाले, माझ्याकडं लिहून देण्यासारखी ती अजून नाही, संशोधनाचं काम आहे. मग खुर्ची पुढं ओढून कारणं सांगितली, घाईत असूनही सांगितली त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. लघवीत डीएनए तोडणारी एन्झाईम असतात, बाटलीत तसंच ठेवलं तर तासातासाला तुकडे कमी होत जातात, म्हणून लगेच टिकवणारं औषध घालावं लागतं. गाठ लहान असते तेव्हा तिचे तुकडे अगदी मोजके, बाकीच्या हजारोंत ते शोधायचे. टर्टचा बदल मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही भरपूर दिसतो, मग लघवीत सापडला तर कुठला म्हणायचा? टीपी५३ तर किती कॅन्सरमध्ये बिघडतो. म्हणून एका खुणेवर ठरत नाही, चार-पाच खुणा एकत्र आणि जोडीला रक्तातलं एएफपी, असं मिळून बघतात. आणि पॉझिटिव्ह आलं तरी गाठ कुठं आहे हे लघवी सांगत नाही, सीटी किंवा एमआरआय करावंच लागतं. शेवटी म्हणाले, "ती येईपर्यंत तुमची तारीख चुकवू नका ओ."

मी चुकवली नाही. २०२४ च्या जानेवारीत सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम एका जागी थांबल्या, परत कुशीवर वळवलं, परत श्वास धरायला लावला, आणि मला त्यांच्या गप्प बसण्यावरूनच कळलं. १.८ सेंटिमीटर. त्याच दिवशीचं एएफपी ४.२, एकदम नॉर्मल. हे मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडं बरेच लोक सोनोग्राफी टाळून फक्त रक्त देतात आणि नॉर्मल आलं की निर्धास्त होतात. लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच गाठींत एएफपी वाढतच नाही, त्यात लहान गाठीत तर आणखी कमी वेळा वाढतं. दादाचं हजारांत होतं, माझं चार, आजार एकच.

मग ट्रायफेजिक सीटी. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघितलं, हाताला सुई लावली, डाय सोडल्यावर घशापासून खाली गरम लाट जाते आणि लघवी झाली की काय असं वाटतं, घाबरू नका, होत नाही. तीन-चार वेळा मशीनमधून नेतात, डाय कुठल्या वेळी कुठं पोचलंय ते बघायला. चांगल्या लिव्हरला जास्तीत जास्त रक्त पोर्टल व्हेनमधून येतं आणि गाठीला हेपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून, म्हणून आर्टरीत डाय असताना गाठ चकाकते आणि नंतर बाकी लिव्हर उजळतं तेव्हा ती काळी पडते. माझी चकाकली आणि काळी पडली. हिपॅटायटिस बी च्या पेशंटमध्ये एवढं स्पष्ट दिसलं की सुई घालून तुकडा काढायचीही गरज पडत नाही.

रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला गेलो, पुतणी बरोबर होती. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत बघत बरगड्यांमधून सुई गाठीत घातली आणि उष्णतेनं गाठ जाळली, आरएफए म्हणतात. दोन रात्री ठेवलं. उजव्या खांद्यात चार दिवस दुखत होतं, ताप येऊन गेला, बाकी काही नाही, टाकेसुद्धा नाहीत. महिन्यानं सीटी, गाठ पूर्ण मेलेली. वॉर्डात पडल्या पडल्या एकच हिशेब डोक्यात, १.८ आणि ९. दोघं एका आईचे, एकच व्हायरस, एकाच दिवशी कळलेला.

गाठ गेली म्हणजे संपलं असं नाही, उरलेलं लिव्हर तेच आहे, दुसरीकडं नवी यायची शक्यता बरीच असते, म्हणून आता दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय. माझ्यासारख्यांसाठीही या लघवीच्या टेस्टचा विचार चाललाय, थोड्याच पेशंटवर केलेल्या एका अभ्यासात गाठ परत येताना लघवीतल्या खुणा एमआरआयच्या आधी दिसल्या होत्या असं पुतणीनं वाचून सांगितलं. दर तीन महिन्यांनी हाताची शीर शोधताना मला तेच आठवतं.

पण खरं सांगू का, मला ती टेस्ट माझ्यापेक्षा दादासारख्यांसाठी हवी आहे. मी जातो, मला सवय झालीय. दादा सुईला घाबरायचा, उपाशी राहिला की चिडायचा, सकाळचा माग बंद ठेवणं त्याला पाप वाटायचं, त्याला कॅन्सरची भीती नव्हती असं नाही, त्याला त्या सकाळचीच भीती होती. खानापूरच्या आतल्या गावांतून, निपाणी-चिकोडीच्या तंबाखू-उसाच्या शेतांतून माणूस मजुरी बुडवून दर सहा महिन्यांनी बेळगाव गाठेल असं कितीजणांचं होणार? बाटली मात्र आशाताईंच्या पिशवीतून येऊ शकते. औषध घातलेली बाटली द्यायची, सकाळी भरून घ्यायची, आणि ज्याच्या लघवीत खूण दिसली त्यालाच गाडीत घालून सीटीला न्यायचं. दादानं बाटली दिली असती. सकाळी सहाला माग सुरू करायच्या आधी भरून उंबऱ्यावर ठेवली असती, हे मला त्याचा भाऊ म्हणून पक्कं माहीत आहे.

पुतणी एमएस्सी झाली, आता एका लॅबमध्ये पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या पद्धतीवर, काम करते, लिव्हरचं नाही, वेगळंच, पण लघवीतल्या डीएनएचं नवीन काही दिसलं की मला रात्री फोन करून सांगते, मला निम्मं कळतं, तरी ती सांगते आणि मी ऐकतो.

माझी पुढची तारीख वहिनींनी कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीय. मागच्या वेळी ऑर्डर होती, बीम अर्ध्यावर होतं, मी म्हटलं दोन दिवसांनी जातो. त्या काही बोलल्या नाहीत, पावणेसहाला उठून आल्या, चारही मागांचा मेन स्विच खाली केला आणि माझी फाईल उंबऱ्यावर आणून ठेवली.